पालिकेचा तरण तलाव तोट्यात आहे. बंद न करता चालता ठेवायला काय मांडावं?

समितीत_नवी

नमस्कार. पालिकेच्या क्रीडा समितीवर यंदा माझी निवड झाली आणि लगेच गळ्यात आलं ते आमचं संकुल. २५ मीटरचा सहा लेनचा बंदिस्त तलाव, पाणी तापवलेलं. वरच्या मजल्यावर जिम, शेजारी बॅडमिंटनची दोन कोर्टं आणि एक हॉल. इमारतीने पंचविशी ओलांडली आहे. दर वर्षी तूट पालिका भरून काढते आणि दर वर्षी अर्थसंकल्पाच्या बैठकीत यावरून खडाजंगी होते. या वेळी मात्र प्रकरण हातघाईवर आलंय.

टेबलावर तीन प्रस्ताव आहेत. तिकीट आणि पास दीडपट करायचे, किंवा दुपारी आणि रविवारी तलाव बंद ठेवायचा, किंवा सगळं संकुल ठेकेदाराकडे देऊन मोकळं व्हायचं. तलाव बुजवून टाकावा असं अजून कोणी उघड म्हणत नाही, पण कुजबुज आहे.

मी स्वतः पोहणारी नाही. तरी गेला महिनाभर वेगवेगळ्या वेळी तिथे जाऊन बसतेय. सकाळच्या बॅचला गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बायका येतात. काठी कठड्याला टेकवून ठेवतात आणि पाण्यात आधाराशिवाय चालतात. त्यांना दुसरी जागाच नाही. त्यामुळे बैठकीत 'लोकांची गरज आहे' एवढं तर मी बोलेनच, पण तेवढ्याने भागणार नाही हे मला कळतं. आकड्याला आकड्यानेच उत्तर द्यावं लागेल.

असा तलाव स्वतःच्या कमाईवर चालू शकतो का? आणि नसेल, तर तूट कमी करायची सुरुवात कुठून करायची? असं संकुल प्रत्यक्ष चालवलेल्या माणसांनी सांगावं, ही विनंती.

जमाखर्च

मी सार्वजनिक संस्थांचे हिशेब तपासतो, त्यामुळे पहिली सूचना कागदाबद्दल. तुम्हाला जो तुटीचा आकडा दाखवला जातो तो फोडून मागा. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र असतात: संकुलाचा रोजचा खर्च वजा उत्पन्न, इमारतीच्या कर्जाचा हप्ता, आणि मुख्य कार्यालयाच्या खर्चातला संकुलाच्या माथी मारलेला वाटा. म्हणजे लेखा विभाग, संगणक, वरिष्ठांचे पगार वगैरे.

उद्या तलाव बंद केला तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि मुख्य कार्यालयाचा खर्चही कमी होत नाही, तो फक्त दुसऱ्या विभागाच्या नावावर चढतो. बंद करून खरोखर वाचेल तो आकडा तुटीच्या आकड्यापेक्षा लहान असतो, कधी कधी फारच लहान. बैठकीत 'बंद केल्यावर तिजोरीत नेमके किती उरतील?' हा एकच प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. बंद पडलेल्या इमारतीची राखण, विमा आणि शेवटी पाडण्याचा खर्च, हेसुद्धा त्यात धरायला सांगा.

पंपघर

ताई, मी प्लँट रूममध्ये ऑपरेटर म्हणून लागलो आणि आता अशाच एका सरकारी संकुलाचा व्यवस्थापक आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे तलाव एकेक करून बंद होताना पाहवत नाही.

तलाव एकटा स्वतःच्या कमाईवर चालत नाही. अपवाद असतील, पण त्यावर योजना आखू नका. ज्या संकुलांचं बरं चाललंय तिथे जिमचे मासिक सभासद आणि मुलांचे पोहण्याचे वर्ग मिळून तलावाला ओढतात. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांनी हे उघडपणे स्वीकारलंय. तिथे वीज आणि गॅस पुरवणारी नगरपालिकेची कंपनीच तलाव चालवते आणि ऊर्जेच्या नफ्यातून तलावाचा तोटा वळता करते. कर कायद्यातच तशी सोय आहे. 'तलाव नफ्यात आणा' असं तिथे कोणी म्हणत नाही. तोटा किती आणि कशासाठी, एवढंच विचारतात.

तुमच्या बैठकीतही तेच व्हायला हवं. तोटा दोन जातींचा असतो. एक आपण ठरवून सोसलेला: शाळेच्या मुलांना सवलत, ज्येष्ठांना कमी दर, अपंगांना मोफत प्रवेश. तो कागदावर लिहून पालिकेने अभिमानाने द्यावा. दुसरा कोणी ठरवलेला नसतो, तो नुसता झिरपत असतो. तिकीट वाढवून लोक या झिरपणाऱ्या तोट्याची भरपाई करतात, तेव्हा मला मनापासून राग येतो. सकाळी काठी टेकवून पाण्यात उतरणाऱ्या बाईंनी बिघडलेल्या व्हॉल्व्हचे पैसे का भरावेत?

व्हॉल्व्हचं मी उगाच म्हणत नाही. तलावाच्या कडेने सांडणारं पाणी खाली बॅलन्स टँकमध्ये जमा होतं. टाकीत पातळी कमी झाली की फ्लोट व्हॉल्व्ह उघडून नवं पाणी घेतो. हा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी येतच राहतं, आणि टाकी भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपने थेट गटारात जातं. वर तलावाची पातळी जागच्या जागी असते, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. आणि गटारात जातं ते पाणी तापवलेलं आणि क्लोरिन घातलेलं असतं. १००० लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला साडेसतरा युनिट उष्णता लागते, हे पदार्थविज्ञान आहे, त्यात घासाघीस नाही.

तपासायला पैसा लागत नाही. रात्री शेवटचा माणूस गेल्यावर पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, पहाटे पहिला माणूस यायच्या आत परत लिहा. त्या रात्री बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, करू नका. आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.

आता बाष्पीभवन. तापवलेल्या तलावाची सगळ्यात जास्त उष्णता भिंतीतून किंवा तळातून जात नाही, ती पृष्ठभागावरून वाफेने जाते. एक लिटर पाणी उडतं तेव्हा साधारण ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. तुमच्या तलावाचा पृष्ठभाग ३०० चौरस मीटरच्या वर असणार. एका रात्रीत ३०० लिटर उडालं तर २०० युनिट गेले. शिवाय तो दमटपणा हॉलबाहेर काढायला पंखे चालतात आणि बाहेरून घेतलेली हवा पुन्हा तापवावी लागते, ते वेगळंच. रात्री तलावावर आच्छादन टाकलं की हे बहुतांश थांबतं. तुमच्याकडे आच्छादन आहे का? असेल तर ते रोज टाकलं जातं की कोपऱ्यात गुंडाळून पडलंय? मी पाहिलेल्या कितीतरी ठिकाणी ते पडूनच होतं, कारण ओढायला दोन माणसं लागतात आणि रात्रपाळीला एकच असतो. अशा वेळी मोटरचा रोलर बसवायला हवा. तो खर्च भांडवली आहे, त्यासाठी अनुदान मागता येतं. ब्रिटनने २०२३ मध्ये सार्वजनिक तलावांसाठी ६ कोटी पौंडांहून जास्त निधी काढला तेव्हा त्यातला मोठा हिस्सा ऊर्जा वाचवणाऱ्या सामानासाठीच राखून ठेवला होता. तूट भरायला पैसे मागितले तर पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावे लागतात, आच्छादनाला मागितले तर तूटच कमी होते.

पंपांचंही तसंच. फिरणाऱ्या पंपाचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी लागते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, लावून रात्री तलाव रिकामा असताना वेग उतरवता येतो. पण पाण्याची चाचणी ठीक येतेय तोवरच. पाणी गढूळ झालं किंवा क्लोरिनचा वास येऊ लागला की बचत विसरा आणि वेग पुन्हा चढवा.

दुपारी बंद ठेवण्याच्या प्रस्तावाबद्दल स्पष्ट सांगतो: त्याने फारसं काही वाचत नाही. पंप चालूच राहतो, पाणी गरमच ठेवावं लागतं, छताला घाम फुटू नये म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. वाचतो फक्त जीवरक्षकांचा तेवढ्या तासांचा पगार, तोही ते रोजंदारीवर असतील तर. उलट ज्याची सवय मोडली तो पासच काढत नाही. दुपार विकायची असते ती तिकिटावर नाही, घाऊक. शाळांना वर्षाचं वेळापत्रक द्या, फिजिओथेरपीवाल्यांना उथळ बाजू तासावर द्या, क्लबला लेन भाड्याने द्या. एक लेन तिमाहीसाठी गेली की तेवढे पैसे आगाऊ हातात येतात, मग माणसं येवोत न येवोत.

आणि एक कळकळीने सांगतो. बचतीच्या नादात देखभालीला आणि जीवरक्षकांना हात लावू नका. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे एका तलावाचं काँक्रीटचं छत खाली आलं आणि १२ माणसं गेली. छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांना टांगलेलं होतं त्या तलावाच्या हवेतल्या क्लोराइडने आतून कुरतडल्या होत्या. तुमची इमारत पंचविशीची आहे. फॉल्स सीलिंगच्या वर काय आहे हे संरचना अभियंत्याने शेवटचं कधी पाहिलं ते विचारा. अहवाल नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी तो करून घ्या.

पोहायला_शिकवते

पंपघर यांनी वर्गांचा उल्लेख केलाय म्हणून लिहिते. अनेक तलावांची गंमत अशी की मुलांच्या वर्गाला भली मोठी प्रतीक्षा यादी असते आणि त्याच वेळी तलाव अर्धा रिकामा असतो. अडतं ते शिक्षकांपाशी. प्रमाणपत्र असलेला शिक्षक संध्याकाळी चार ते सात या वेळातच हवा असतो, आणि तीन तासांच्या कामावर कोणाचं घर चालत नाही. म्हणून माणसं टिकत नाहीत.

आमच्याकडे यावर एक चांगली तोड निघाली. जीवरक्षकांमधल्या ज्यांना इच्छा होती त्यांना संकुलाने स्वतःच्या खर्चाने शिक्षकाचं प्रशिक्षण दिलं. सकाळी ते काठावर उभे असतात, संध्याकाळी पाण्यात शिकवतात आणि पूर्णवेळ पगार घेतात. मात्र शिकवताना त्यांना जीवरक्षक म्हणून मोजायचं नाही, तेव्हा काठावर दुसरा माणूस लागतोच. यात कुठेही तडजोड नको.

दुसरं, मुलांना तिमाही संपेपर्यंत एकाच गटात अडकवू नका. ज्याला तरंगता आलं त्याला पुढच्या आठवड्यातच वरच्या गटात सरकवा, म्हणजे खाली जागा होते. सगळ्यात जास्त मागणी पहिल्या पायरीला असते आणि तीच जागा तुंबून राहते.

ताई, शिकणाऱ्या मुलांची फी दीडपट होऊ देऊ नका. ज्यांना परवडतं ते तरीही येतील. ज्या मुलाला घराजवळच्या नदीत किंवा तळ्यात उतरायचा मोह होणार आहे तेच नेमकं गळेल. सवलतीचं कार्ड वेगळं करा आणि त्याचे पैसे पालिकेकडून माणशी मागा.

समितीत_नवी

सगळ्यांचे मनापासून आभार. जमाखर्च, तुमचा प्रश्न लेखी दिलाय, उत्तराची वाट पाहतेय.

पंपघर, काल रात्री दहा वाजता आणि आज पहाटे पाच वाजता मीटर पाहिला. तलावात कोणी नव्हतं, बॅकवॉशही झालं नाही. आकडा ३ घनमीटरने पुढे गेलाय. ऑपरेटर म्हणतात वाफेने जात असेल. आच्छादन आहे, पण गुंडाळून ठेवलेलं, वर धूळ. छताचा अहवाल कोणाकडेच सापडला नाही, तो करायला सांगितलाय.

बैठकीत ठेक्याचा प्रस्तावच पुढे रेटला जाईल असं दिसतंय. त्याला सरसकट विरोध करावा का?

पंपघर

सात तासांत ३००० लिटर वाफेने जाणं शक्य नाही. रिकाम्या बंदिस्त तलावातून तेवढ्या वेळात दोन-तीनशे लिटर गेले तर ठीक. हाच वेग दिवसभर धरला तर रोज १० हजार लिटर, म्हणजे १५ अंशांनी तापवायचे म्हटले तर १७० युनिटांच्या वर, शिवाय पाणीपट्टी. पोहणाऱ्यामागे ३० लिटर पाणी बदलावं असा संकेत आहे, तेव्हा दिवसा नवं पाणी घेणं योग्यच. पण मध्यरात्री कोण पोहत होतं?

आज ऑपरेटरला घेऊन खाली बॅलन्स टँकपाशी जा. टॉर्च लावून ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडाशी बघा. पाणी वाहत असेल तर व्हॉल्व्ह बदला, काम संपलं. पाइप कोरडा असेल तर गळती टाकीत, वाहिनीत किंवा तलावातच आहे. मग एका रात्री पंप आणि भरणी दोन्ही बंद करून तलावाची पातळी किती उतरते ते मोजा. शेजारी पायरीवर तलावाचंच पाणी भरलेली बादली ठेवा, आतलं पाणी तलावाच्या पातळीला. बादलीतलं जितकं उतरेल तितकी वाफ, तलावातलं त्याहून जास्त उतरलं तर ती गळती. पंप जास्त वेळ बंद ठेवू नका आणि सकाळी लोकांना सोडण्याआधी पाणी तपासा. ऑपरेटरवर मात्र ठपका ठेवू नका, त्याला मीटरचे आकडे लिहायला कोणी सांगितलंच नसेल. उद्यापासून वही घाला.

ठेक्याचं म्हणाल तर सरसकट विरोध नको. कोणाला देताय आणि कागदावर काय लिहिताय यावर सगळं आहे. १९९३ मध्ये लंडनच्या ग्रीनिच भागात कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या पालिकेचे, पैसे आटले तेव्हा कर्मचाऱ्यांनी मिळून जीएलएल नावाची ना-नफा संस्था काढली आणि केंद्रं चालवायला घेतली. आज ती संस्था २०० हून जास्त केंद्रं चालवते. न्यूकॅसलमध्ये जेस्मंडचा तलाव कौन्सिलने १९९१ मध्ये बंद केला, तर रहिवाशांनी पुढच्याच वर्षी तो स्वतः उघडला. लीड्समधला ब्रॅमली बाथ्स १९०४ चा, तोही २०१३ पासून स्थानिक लोकांची संस्था चालवते. मला हे मार्ग फार मोलाचे वाटतात, कारण चालवणाऱ्यालाच तिथे पोहायचं असतं. पण अशा संस्थेला पहिली काही वर्षं पालिकेचा हात लागतो आणि इमारतीचं मोठं काम तिच्या गळ्यात घालून चालत नाही.

खासगी ठेकेदार असेल तर धोका वेगळा. मुदत संपत आली की तो फिल्टरची वाळू बदलत नाही, बॉयलर ओढून ताणून चालवतो आणि मेलेलं यंत्र तुमच्या हाती ठेवून जातो. म्हणून हस्तांतराच्या दिवशी प्रत्येक यंत्राची स्थिती फोटोसकट नोंदवा आणि परत घेताना तीच स्थिती हवी असं कलम घाला. वीज आणि इंधनाचे दर भडकले तर भार कोणावर, हे आधी ठरवा. दराचा धोका पालिकेने आणि वापराचा ठेकेदाराने घ्यावा, हे मला रास्त वाटतं. म्हणजे आच्छादन रोज पडतं. सवलतीचे दर आणि शाळांचे तास करारातच लिहा, नाहीतर पहिली कात्री तिथेच लागते. आणि दर वर्षी उत्पन्नातला ठरलेला भाग वेगळ्या खात्यात जमा व्हावा, ज्याला यंत्रं बदलण्याखेरीज कोणी हात लावू शकणार नाही. ठेका दिला नाहीत तरी हे खातं उघडाच. पंचविशीच्या इमारतीत बॉयलर, पंप आणि हवा खेळवणारं यंत्र साधारण एकाच सुमाराला म्हातारं होतं आणि बहुतेक तलाव बंद पडतात ते त्याच वर्षी.

मीटरची वही महिनाभर भरा आणि आच्छादन धुऊन रोज टाकायला लावा. मग बैठकीत दोन महिन्यांची बिलं शेजारी शेजारी ठेवा. दरवाढ आणि ठेका दोन्ही विषय छताचा अहवाल येईपर्यंत पुढे ढकला असा ठराव मांडता येईल, त्याला कोणी उघड विरोध करणार नाही. ओव्हरफ्लोच्या पाइपचं काय दिसलं ते कळवा. व्हॉल्व्हचा आकार सांगितलात तर कोणता घ्यायचा तेही सांगतो.